भास्कररावांची चेष्टा

भास्करराव रोज संध्याकाळी कुकरशी मराठीत बोलतात, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. "तो शिट्टीत उत्तर देतो रे सिद्धेश, पण ऐकून तरी घेतो."

लखनौत, अमीनाबादच्या मागच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या. मधुमतीकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा विनय गाझियाबादला. रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडीतून भास्करराव त्याला फोन लावत. ते मराठीत विचारणार, तो "हाँ पापा, अच्छा पापा" म्हणणार. मीटर पळत असायचं, तेव्हा भाषेवरून कोण भांडणार? म्हणजे मराठीत उत्तर देणारी माणसं त्यांना भेटायची ती फक्त ऑफिसात. त्यातही आधी मी एकटाच, आणि माझी मराठी करमाळ्याची, तेव्हा तिच्यावर ते थोडे नाराजच असत.

म्हणून पंचाण्णव साली सांगलीहून देवयानी मॅडम आमच्या सेक्शनच्या प्रमुख म्हणून आल्या, तेव्हा भास्करराव नवा शर्ट घालून आले. मॅडम सव्वीस वर्षांच्या, हे सत्तावन्नचे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काका, मला इथलं सगळं तुम्हीच सांगायचंय हं." दुपारपर्यंत हे वाक्य त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो आणि मला चांगलं ऐकू येतं, हे सांगून काही उपयोग झाला नाही.

मॅडमबरोबर दोन कंप्युटर आले. पत्रं आता टाइपरायटरवर करायची नाहीत, असं ठरलं. भास्कररावांची तर अर्धी हयात त्या टाइपरायटरवर गेलेली. ते कंप्युटरसमोर बसले, हात मांडीवर ठेवले आणि हसून म्हणाले, "शिकायची चेष्टा करतोय मॅडम."

मॅडमचा चेहरा पडला.

दोन दिवसांनी, एका पत्राची सगळी मांडणी बिघडली तेव्हा, "मी तुमच्यासारखं काम करायची खूप चेष्टा करतो, पण जमत नाही." मॅडमनी फाईल जरा जोरात मिटली. पुढच्या आठवड्यात तर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, "मॅडम सांगतील तसं वागायची मी चेष्टा करेन." त्या दिवसापासून 'काका'चे 'भास्करजी' झाले.

भास्कररावांना कळेना, काय चुकलं. डबा खाताना मला म्हणाले, "मी काय कमी-जास्त बोललो का रे? मराठी माणूस आला म्हणून मी जरा जास्तच सरकलो का जवळ?" डब्यात भाजी पडून राहिली. मी म्हणालो, मॅडमना लखनौची थंडी बाधली असेल. मे महिना होता.

मॅडम निगम साहेबांकडे गेल्या. निगम साहेब आमचे मॅनेजर, खास लखनवी माणूस. बदलीचा हुकूमसुद्धा चहा पाजून द्यायचे. मॅडम बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन. मला म्हणाल्या, "वयाचा मान ठेवते म्हणून कुणी डोक्यावर बसायचं का? त्यांना तळमजल्यावर पाठवतील आता." तळमजल्यावर जुन्या फायली आणि पंखा. माणूस नाही. मला भास्कररावांचा कुकरच आठवला.

चौथ्या दिवशी भास्करराव हातात कागद घेऊन माझ्याकडे आले. डोळे भरलेले. म्हटलं, झालं. तर म्हणाले, "कंप्युटरच्या ट्रेनिंगला पाठवतायत मला. महिनाभर. मॅडमनी नाव दिलं. रिटायर व्हायला आलेल्या माणसाला कोण पाठवतं रे, यार?"

मी सरळ निगम साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "भई, आपकी मैडम बड़ी नेकदिल हैं। कहने लगीं, भास्कर साहब को शिक्षा मिलनी चाहिए। हमने कहा, क्यों नहीं, ज़रूर मिलेगी!"

हसू दाबत जिन्यापर्यंत आलो आणि तिथे डोक्यात दुसरा दिवा लागला. मॅडम सांगलीची शिक्षा मागायला गेल्या आणि त्यांना लखनौची मिळाली. मग चेष्टा कुठली होती? माझ्या घरमालकाच्या पोराच्या प्रगतिपुस्तकात बाई दर वेळी लिहितात, 'और चेष्टा करें'. पोराची टिंगल करा असं काही त्या सांगत नाहीत.

मॅडमना सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, "काहीतरीच." मग म्हणाल्या, "चेष्टा म्हणजे प्रयत्न?" मग समोरची फाईल हळूच मिटली.

"तीस वर्षं झाली त्यांना इथे," मी म्हणालो. "काकू होत्या तोवर दुरुस्त करत असतील. आता कोण करणार?"

"त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची मराठी हिंदी झाली, आणि मॅडम तुम्हाला हाकलणार होत्या?"

मॅडमनी मान हलवली. "नको सांगूस."

तो महिना सेक्शन फार शांत होतं. मॅडम येता-जाता त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायच्या. चहा आला की एक कप जास्त निघायचा आणि तो मलाच प्यावा लागायचा.

भास्करराव परत आले ते रेवड्यांचा पुडा घेऊन. तिथली पोरं त्यांना 'अंकल' म्हणत आणि डबा खायला कोपऱ्यात एकटं सोडत, एवढंच त्यांनी सांगितलं. मग कंप्युटरवर बसून पत्र करू लागले. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जायचा, टाइपरायटरचा दांडा ढकलायला. तिथे दांडा नव्हता. हात हवेत थोडा थांबून खाली यायचा.

मॅडम मागे उभ्या होत्या. भास्कररावांना ते कळलं आणि ते एकदम हिंदीत शिरले, "जी मैडम, हो जाएगा।" मग न राहवून हळूच म्हणाले, "ही सवय सोडायची चेष्टा करतोय."

मी हातातलं काम थांबवून मॅडमकडे पाहिलं.

"करा ना, काका," मॅडम म्हणाल्या. "हवी तेवढी चेष्टा करा. घाई नाही काही."

भास्कररावांनी वळून पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

साडेपाचला सगळे निघाले. ट्रेनिंगमध्ये कंप्युटर बंद करायला पहिल्याच दिवशी शिकवतात, हे मला ठाऊक होतं. सकाळी त्यांनी स्वतःच मला करून दाखवलं होतं. तरी ते म्हणाले, "मॅडम, हे बंद कसं करायचं? जरा मराठीत सांगाल का?"

मॅडमनी खांद्यावरची पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली.