डोळे मिटून ड्रमापर्यंत

आमच्या प्रॅक्टिकलच्या बाईंचा या जगातल्या एकाही वस्तूवर विश्वास नव्हता. ॲसिडवर नव्हता हे समजू शकतो, पण साखरेवरही नव्हता. कॅन्टीनमधला बटाटेवडा समोर आला की त्या आधी बशीवरून हाताने नाकाकडे वारा घेत, लांबूनच हुंगत आणि मगच तुकडा मोडत. बाटलीत नाक खुपसून वास घेऊ नये, हा रसायनशाळेतला नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की मोगऱ्याचा गजराही त्या तसाच हुंगायच्या. एकदा वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. होम पेटला तशा बाई उठल्या, नवरीचा पदर दोन बोटांनी मागे सारला आणि भटजींना विचारलं, "वाळूची बादली कुठे ठेवलीय?" भटजींच्या पोथीत वाळूची बादली नव्हती. शेवटी नवरीच्या मामाने शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू आणून मांडवात ठेवली, तेव्हा कुठे सप्तपदी झाली.

घमेलंभर वाळू तेव्हा वाशीत कुठेही मिळायची. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि मुंबईतून, कोकणातून, देशावरून आलेली आमच्यासारखी कुटुंबं अजून ओल्या भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहायला येत होती. आमचं कॉलेज अर्धं बांधून झालेलं आणि अर्धं बांधायचं होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीखाली वाळूचा ढीग, त्यापलीकडे खाडी आणि मिठागरं. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. एकट्या राहायच्या. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपत नसे, बाई म्हणजे बाईच. मुलींनी वेण्या अंबाड्यात खोचायच्या हा नियम सगळीकडेच असतो, पण ते दिवस मुलांनी मानेपर्यंत केस वाढवायचे होते. बाईंच्या पर्समध्ये कायम मूठभर रबरबँड असत. "मुलींच्या वेण्यांचं मला टेन्शन नाही, तुमच्या झुलपांचं आहे," असं म्हणत त्या दारातच एकेका हिरोची शेंडी बांधत. आमची बॅच बर्नरभोवती उभी राहिली की वेदपाठशाळा भरल्यासारखी दिसे. नायलॉनचा शर्ट घालून आलेल्याला तर त्या सरळ घरी पाठवत, आणि त्या काळात दुसरे शर्ट होते कुणाकडे!

पण बाईंचा खरा जीव होता ड्रमात. नळाला पाणी सकाळी थोडा वेळच यायचं आणि आमचं प्रॅक्टिकल दुपारी. म्हणून प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात पाण्याचा ड्रम आणि त्यावर पितळी तांब्या असे. रोज सकाळी बाई स्वतः नळाशी उभ्या राहून तो काठोकाठ भरून घेत. त्या पाण्याने टेस्ट ट्यूब धुवायची नाही, हातही धुवायचे नाहीत. ते पाणी कशासाठी असं कुणी विचारलं तर म्हणत, "कधीच न लागण्यासाठी." एकदा फिजिक्सच्या सरांनी त्यातलं तांब्याभर पाणी चहासाठी उचललं. बाईंना कळेपर्यंत चहा कपात आला होता. बाईंनी तो कप शांतपणे त्यांच्या हातातून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. "सर, तुमचा चहा तुम्ही कुणाच्या तरी डोळ्यांतून काढलाय," त्या म्हणाल्या. सर त्यानंतर आमच्या मजल्यावर आले की आधी जिन्यातून डोकावून बघायचे.

या ड्रमापायीच आमची वरात निघायची. दर प्रॅक्टिकलच्या शेवटी बर्नर विझले की बाई टाळी वाजवत. "डोळे मिटा. आता आपापल्या टेबलापासून ड्रमापर्यंत या." मग चाचपडत, एकमेकांच्या पायांवर पाय देत, हसत आमचा तांडा निघे. कुणी बेसिनला नमस्कार करी, कुणी भलत्याच मुलीच्या खांद्यावर हात ठेवून धपाटा खाई. कॉलेजभर आम्हाला 'आंधळ्यांची बॅच' म्हणत. बाईंवर ढिम्म परिणाम नव्हता. वाटेत कुणाचं स्टूल किंवा पिशवी आली की त्या ती उचलून खिडकीतून खाली वाळूच्या ढिगावर टाकून देत. माझी पिशवी गेली तेव्हा आत आईने दिलेला दहीभाताचा डबा होता. मी कुरकुरलो तर म्हणाल्या, "वाटेत ठेवलेली वस्तू आपली नसते रे, वाटेची असते. वाट मोकळी ठेवा." हे 'वाट मोकळी ठेवा' आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांची पाठ वळली की कोरसमध्ये म्हणायचो.

शेवटच्या वर्षी मार्च महिन्यातली दुपार होती. माझ्या टेबलावर माझी जोडीदार सुलभा होती. ती खाडीकाठच्या गावातली, वडिलांची मिठागरावर मजुरी, आणि बाईंचे नियम मनापासून पाळणारी आख्ख्या बॅचमधली ती एकटीच. अमोनियाची बाटली उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळूनच उघडायची, असा बाईंचा दंडक होता, कारण आत वाफ कोंडलेली असते. फडकं गुंडाळलेलं होतं. पण पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने ते कधीच वाळून गेलं होतं. मी बूच फिरवलं, फस्सकन आवाज झाला, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत कुणी तिखटाची मूठ फेकावी तशी आग उठली.

मला काही दिसेना. जन्मात इतका घाबरलो नव्हतो. आपण आंधळे झालो, हे एवढंच डोक्यात. हात आपोआप डोळ्यांकडे गेले, तशी सुलभा ओरडली, "चोलू नको रं डोले! चल, वाट मोकली हाय!" आणि काय सांगू, माझे पाय निघाले. टेबलाचा कोपरा, मग बेसिनची गार कड, मग डावीकडे वळण. इतके दिवस हसत खिदळत चाललेली ती वाट माझ्या पायांना पाठ होती. पिशवी नव्हती, स्टूल नव्हतं, कुणाचा पाय नव्हता. माझा गुडघा ड्रमाला लागला तेव्हा बाई तांब्या भरून उभ्याच होत्या. त्यांनी माझ्या पापण्या बोटांनी फाकल्या आणि धार धरली. वर्षभर 'डोळे मिटा' म्हणणारी ती बाई आता "उघड! उघड डोळे! उघडे ठेव!" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडत होती. ड्रमाचा तळ लागेपर्यंत त्या तांब्यावर तांबे ओतत राहिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंतर तपासून सांगितलं की पाणी जरा उशिरा मिळालं असतं तर दृष्टी गेली असती. मी पट्टी सोडून परत आलो त्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, "आता दोन ड्रम मागितलेत." पण बोलताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता.

पुढे मी तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो आणि नावड्याला राहू लागलो. वाशी बदलत गेली, घाऊक कांदाबटाट्याचे ट्रक आले, आमच्या कॉलेजच्या खिडकीखालचा वाळूचा ढीग कधी नाहीसा झाला कळलंही नाही. बाई रिटायर झाल्याचं ऐकलं होतं. एका संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. "बाई, मी," म्हणालो, तशी त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. आत अंधार होता. "बटण उजव्या हाताला आहे. तुला हवा तर दिवा लाव," त्या म्हणाल्या, "मला आता लागत नाही." काचबिंदू. दोन्ही डोळे. मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे धरला. बाईंनी पुड्यावरून हाताने नाकाकडे वारा घेतला आणि म्हणाल्या, "वेलची जास्त झालीय."

त्या चहा करायला उठल्या. बाई आणि गॅस! मी म्हणालो, "बाई, मी पेटवतो, तुम्ही बसा." त्यांनी नुसता हात झटकला. मग मला दिसलं, स्वयंपाकघराच्या वाटेत मधोमध एक स्टूल होतं. मी आवाज न करता ते उचलून भिंतीशी ठेवलं. बाई आल्या, त्यांचा हात खाली गेला, हवेत फिरला, आणि त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "स्टूल कुणी हलवलं?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच सांगायचात ना, वाट मोकळी..." मी चाचरलो. "ते तुमच्यासाठी होतं," बाई म्हणाल्या. "मला हाताला काहीतरी लागावं लागतं रे. ठेव जागेवर." मी ते होतं तिथेच ठेवलं. बाईंचा हात त्यावर टेकला आणि त्यांनी श्वास सोडला.

चहा उत्तम झाला होता. निघायला उठलो तशी त्यांनी टाळी वाजवली. "डोळे मीट. दारापर्यंत जा." केसांत पांढरे धागे आलेला मी मुकाट्याने डोळे मिटून निघालो. खुर्चीची पाठ, टेबलाची कड, मग दाराची थंड कडी हाताला लागली.

"पोचलास?" बाईंनी विचारलं. वर्गात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. तेव्हा त्यांना दिसायचं.

"पोचलो, बाई."

"मग उघड आता."

मला डोळे लगेच उघडवेनात.