तिसऱ्या ओळीतली मराठी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नागपुरात सीताबर्डीवरच्या एका टायपिंगच्या दुकानात नुकताच कॉम्प्युटर आला होता. आई आमच्या वस्तीत बालवाडी सुरू करणार होती, तिचं पत्रक काढायला आम्ही गेलो. मालक म्हणाले, "यावर इंग्रजीच होते गा, मराठी नाही होत."

"होते," मशीनसमोर बसलेली बाई म्हणाली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. सुती साडीचा पदर तिनं कमरेला खोचला होता. "मशीन सुरू झाली का पडद्यावर यादी दाखवून विचारते, हिशेब करायचा का इंग्रजी पत्र. मराठीचं कार्ड आत बसवलेलं आहे, पण यादीत मराठीचं नावच नव्हतं. काल मी तिसरी ओळ टाकली."

"मले न विचारता? बिघडली असती म्हणजे?" मालक दचकले.

"मी दुरुस्त केली असती, भाऊ."

तिनं मशीन पुन्हा सुरू करून तीनचं बटण दाबलं. आईच्या पत्रकातलं पहिलं वाक्य तिनं टाइप केलं आणि ते पडद्यावर देवनागरीत उमटलं. आई उभ्यानंच ते मोठ्यानं वाचू लागली. बाई हात मांडीवर ठेवून, ताठ बसून ऐकत राहिली.

मागून एक गृहस्थ इंग्रजी अर्ज घेऊन आले. तरी तिनं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, मराठीत करून देऊ का?"