माहेरच्या भाताचा मुडा

कोळवणच्या खोऱ्यात मी सून म्हणून आले ते पन्नास सालानंतरचे दिवस. आता मागे वळून पाहते तेव्हा माणसांचे चेहरे पुसट दिसतात, पण एक वास अजून तसाच येतो. दुपारच्या सुस्त हवेत कुणाच्या तरी चुलीवर तो भात शिजायचा आणि सगळी आळी गोड होऊन जायची. बैलसुद्धा माना वर करतात असं मला वाटे. मी बाजरीच्या मुलखातली. माझ्या माहेरी भात म्हणजे सणाचा, आणि त्याला वास असतो हे मला लग्नाआधी कुणी सांगितलंही असतं तरी मी हसले असते.

तो भात फक्त आमच्या शेतात पिकायचा. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव उठलं तेव्हा त्या नवी नवरी होत्या. सगळ्यांनी भांडीकुंडी उचलली, देव उचलले, आणि त्यांनी पदरात बांधून हे बी आणलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाच्या भिंती दिसतात म्हणे, पण त्या कधी पाहायला गेल्या नाहीत. गावात बाळंतीण असो, आजारी माणूस असो, पेजेला तांदूळ आमच्याकडून जायचा. आत्याबाई ओंजळभर द्यायच्या, पण कांडून. टरफलासकट दाणा त्यांनी कधी कुणाला दिला नाही. कांडलेला दाणा उगवत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

टरफलासकट द्यायच्या त्या फक्त लोंब्या. कापणीच्या पहिल्या दिवशी दोन-दोन लोंब्यांची जुडी प्रत्येक घरी जायची, डोंगरावरच्या वाडीतल्या बाया लावणीला यायच्या त्यांनाही. ती दाराच्या चौकटीला बांधायची. ती घराची लक्ष्मी, वर्षभर तिला हात लावायचा नाही. वर्ष सरेतो चिमण्यांनी काय ठेवलं असेल तेवढं राहायचं.

त्या वैशाखात आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि नेमके माझे वडील आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला काय करू नि काय नको झालं. माझं सासर किती भाग्याचं आहे हे त्यांना दाखवायचं होतं, आणि मडक्यात तांदूळ संपलेला. वर आढ्याला पेंढ्यात गच्च बांधलेला एक गोल गठ्ठा लटकत होता. आमच्याकडे बियाणं राखेत, मडक्यात ठेवतात. पेंढ्यात बांधलेलं म्हणजे जपून ठेवलेलं खायचं धान्य, असं मी माझ्या अकलेनं ठरवलं. विचारायला कुणाकडे जायचं, तर मी कशाला जाते? सून झाले म्हणून काय मला भात कळत नाही?

सकाळपासून कांडत बसले. मुसळ उचलताना गाणंसुद्धा म्हटलं. वडील पोटभर जेवले, हात धुतल्यावरही बोटांचा वास घेत राहिले. उरलेला सगळा तांदूळ मी त्यांच्या गाठोड्यात बांधून दिला. ते वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. इतकी सुखी मी पुढे फार थोड्या वेळा झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारची काकी विरजण मागायला आली. अंगणात पडलेला पेंढा तिनं पायानं सारला, मग वर आढ्याकडे पाहिलं.

"अगं, ह्यो मुडा कुनी सोडला?"

"मी. पाहुण्यांना भात केला."

काकीनं पडलेला पेंढा उचलून हातात धरला. "बियाचा मुडा व्हता त्यो, पोरी. आत्याबाईंच्या म्हायेराचं बी. दुसरं कुटंच न्हाई ते."

मला आधी राग आला. बी होतं तर कुणी सांगायचं नाही? मग हळूहळू लक्षात आलं. पाण्याखाली गेलेल्या गावातून एवढंच वर आलं होतं, आणि ते मी एका जेवणात संपवलं होतं. वडिलांच्या मागे धावत जावं असं वाटलं, पण कांडलेला तांदूळ परत आणून करणार काय? मी माजघरात जाऊन रडले. काकी रडू देणारी नव्हती. "आत्याबाई परवा येत्यात. मोकळ्या हातानं त्यांच्यासमोर उभी ऱ्हानार हायेस का?" असं म्हणून तिनं मला ओढतच देवळापाशी नेलं.

तिथे बायका जमल्या, चार पुरुषही होते. काकीनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, दारावरच्या लोंब्या उतरवा. सगळे ज्यांना आबा म्हणत ते म्हातारे उठले. "कापणीच्या आदी दारावरची लक्षुमी उतरवायची? घर उघडं पडंल. एका सुनंच्या चुकीपाई समद्या गावानं अवदसा घ्यायची व्हय?"

त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांना खरंच भीती वाटत होती, आणि ती बाकीच्यांच्याही तोंडावर दिसत होती.

काकी म्हणाली, "आबा, तुमची सून बाळंत झाली तवा पेज कुनाची पिली तिनं?" काकी तडक आपल्या घरी गेली, चौकटीवर हात घातला आणि जुडी काढून माझ्या पदरात टाकली. मग दुसरी बाई गेली. मग तिसरी. कुणी देवाला हात जोडून काढली, कुणी डोळे मिटून. दुपारपर्यंत माझा पदर जड नव्हता, पण रिकामाही नव्हता. संध्याकाळी डोंगरावरच्या वाडीतली एक बाई खाली उतरून आली. तिच्या झोपडीत चुलीचा धूर दाराशीच कोंडायचा, म्हणून चिमण्या फिरकल्या नव्हत्या. तिची जुडी दाण्यांनी भरलेली होती. सगळ्यात शेवटी आबांच्या नातवंडाच्या हातून एक जुडी आली.

आत्याबाई आल्या तेव्हा मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, मारतील. त्या आत गेल्या, आढ्याकडे बघत राहिल्या, आणि मग सूप घेऊन बसल्या. जळमटं, काजळी, चिमण्यांची पिसं यांतून एकेक दाणा वेचायला लागल्या. मीही समोर बसले. दोन दिवस तेच चाललं. दाणे पाण्यात टाकले तेव्हा निम्मे पोकळ निघाले, वर तरंगले. त्या तरंगत्या दाण्यांकडे बघताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरलेलं बी पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्याच्या एका कोपऱ्यात पेरलं. अंथरुणाएवढी जागा. रोपं उगवली. एरवी लावणीला तीन-चार रोपं एकत्र खोचतात, या वेळी एकेकच लावायचं ठरलं. आमच्याकडे लावणी सावडीनं होते, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्यात. पण त्या दिवशी सावड कुणाची हे कुणी मोजलं नाही. लहानशा खाचरात रोपांपेक्षा बायकाच जास्त. धुक्यात त्या वाकलेल्या पाठी, चिखलातलं हसणं. "सूनबाई, नीट लाव गं, न्हाईतर ह्येबी कांडशील!" कुणीतरी म्हणालं आणि मीसुद्धा हसले. लाज होतीच, पण मी त्या गावची झाले ती बहुतेक तिथे, गुडघाभर चिखलात.

पीक आलं. त्या साली त्यातला दाणाही कुणी शिजवला नाही. मळणी झाल्यावर आत्याबाईंनी पेंढा घेतला आणि छोटे-छोटे मुडे बांधले. गावात जितकी घरं तितके, वर वाडीचेही. मी विचारलं, "आपल्याला एवढंच?"

"चूक तुजी न्हाई," त्या म्हणाल्या. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघत होत्या. "म्हायेर एकाच जागी व्हतं, म्हनून एका पान्यात गेलं. ते बघूनबी म्या समदं बियानं एकाच मुड्यात ठेवलं. लोकांनी माज्याच दारी यावं म्हनून ठेवलं."

पुढच्या वर्षी घरोघरी तो भात झाला. मग तांदूळ मागायला आमच्या ओसरीवर कुणी येईना. आत्याबाई दुपारी खांबाला टेकून बसायच्या, वाटेकडे बघत. मला त्यांची फार दया यायची. आपण त्यांची होती तेवढी शानही घालवली, असं वाटायचं.

एका दुपारी काकीच्या घरातून तो वास आला. तिची लेक बाळंत झाली होती. आत्याबाईंनी डोळे मिटले. मग उठून पदर सारखा केला.

"चल."

"आवतान न्हाई आलं, आत्याबाई," मी म्हणाले. आता माझ्याही तोंडी तीच बोली आली होती.

"म्हायेराला जायाला आवतान कशाला लागतंय?" त्या म्हणाल्या, आणि चप्पल न घालताच पायऱ्या उतरल्या.