पांढऱ्या बटेचा फोटो

टोपवाली रस्त्यात समोरून आली आणि तुम्ही तिचं गिऱ्हाईक असलात, तर ती तुमच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. राग मानू नका. वडिलांनी तिच्या हातात सुई देण्याआधी हेच शिकवलं होतं. "गिऱ्हाईक बाहेर भेटलं की आपण परके. ते हसलं तर हसायचं, बोललं तर बोलायचं. ओळख पहिली त्यांनी दाखवायची." वडील नाटकवाल्यांचे टोप करायचे, पण त्यांच्याकडे खरी वर्दळ असायची ती नाटकाशी काडीचाही संबंध नसलेल्या टकल्या साहेबलोकांची. अशा माणसाला भर बाजारात 'काय, नीट बसतोय ना?' असं विचारायचं म्हणजे त्याचं डोकं चारचौघांत उघडं करायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वडील गेले, नाटकवाले गेले, लोक टोपाला विग म्हणायला लागले. तिला मात्र अजून सगळे टोपवालीच म्हणतात. पुढच्या खोलीत धाकट्या भावाचं सलून आणि मागच्या खोलीत ही. तिचं दार मागच्या बोळात उघडतं आणि त्यावर पाटी नाही. आत फळीवर लाकडी डोकी मांडलेली, खिडकीशी उंच स्टूल, भिंतीवर एक आरसा आणि आरशावर पडदा. समोरची बाई "हं, आता दाखवा" म्हणेपर्यंत तो पडदा सरकत नाही. हल्ली तिच्याकडे येतात त्या बहुतेक आजारातल्या बाया. औषधांनी केस जातात आणि आरशाला तोंड द्यायला थोडा वेळ लागतो. भाऊ पुढून ओरडून चेष्टा करायचा, "आमचा घरचा धंदाच लोकांना टोपी घालायचा! मी भादरतो, ताई घालते!" मग मागच्या खोलीत रडवेली झालेली बाईसुद्धा खुदकन हसायची.

काम मोठं किचकट. बारीक आकड्याच्या सुईने एकेक केस जाळीच्या भोकातून ओढायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. मान आखडते, डोळ्यांतून पाणी गळतं. आणि एवढं राबून काम उत्तम जमलं, की ते कुणाला दिसतच नाही. दिसलं म्हणजे फसलं. टोपवालीने जन्मभर अशी कामं केली, की ज्यांना कुणी 'वा' म्हणायची सोयच नव्हती. ज्यांनी टोप घातले त्या बाया गप्प राहिल्या, ज्यांनी पाहिले त्यांना कळलं नाही. याचं तिला दुःख होतं, पण ते दुःख आहे हे तिला फार उशिरा कळलं.

कळलं ते भावाने फोनवर खातं उघडून दिलं तेव्हा. दुकानांत तयार विग मिळायला लागल्यापासून तिचं काम रोडावलं होतं. "जगाला दिसू दे की तुझी कला," भाऊ म्हणाला. तिला आधी धडकीच भरली. "माझा चेहरा नको हं. नंबर नको, पत्ता नको. कोण कुठला मेला येऊन बसेल दारात!" त्याप्रमाणे खात्यावर तिचा चेहरा कधी आला नाही. हात, सुई, जाळी आणि लाकडी डोक्यावरचे तयार विग, एवढंच. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी दिसते म्हणून ती फोटो काढताना खिडकीही लावून घ्यायची. स्वतःच्या अब्रूला तिने अगदी डोळ्यांत तेल घालून जपलं. गिऱ्हाइकांचे चेहरेही तिने कधी टाकले नाहीत, आणि तेवढ्यावर आपलं कर्तव्य संपलं अशी तिची समजूत होती.

लोकांनी मात्र तिला डोक्यावर घेतलं. "काय हात आहे!", "देवाने बोटांत जादू दिलीय", "हे केस खोटे आहेत यावर विश्वास बसत नाही." टोपवाली सकाळी चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी फोन हातात घ्यायला लागली. भाऊ म्हणाला, "ताई, चहा निवला." ती म्हणाली, "निवू दे."

अशात लायब्ररीतल्या बाई आल्या, बाजारात दिसल्या की नेहमी हसणाऱ्या. मागच्या दाराने आल्या, स्टुलावर टेकल्या आणि पिशवीतून केसांची जुडी काढली. मुळाच्या बाजूने दोऱ्याने घट्ट बांधलेले, कमरेपर्यंत येतील असे काळेभोर केस. सोबत कागदाच्या घडीत एक पांढरी बट वेगळी ठेवलेली.

"ही जन्मापासूनची," बाई म्हणाल्या आणि डाव्या कानशिलावर बोट ठेवलं. "औषधं सुरू होतील पुढच्या आठवड्यात. त्याआधीच कापून आणले. यांचाच करता येईल ना?"

"येईल की. पण बटेचं काय करू? काळे लावले तर वय कमी दिसेल तुमचं."

"छे छे! बट तर पाहिजेच. बटेसाठीच तर सगळं." मग त्यांनी सांगितलं. त्यांना एकच मुलगी. परगावी शिकते, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली. रोज संध्याकाळी फोनवर आईचं तोंड पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लहानपणी ती बट बोटाला गुंडाळून झोपायची. अजूनही फोनवर पहिलं वाक्य असतं, 'आई, बट दाखव.' "तिला आत्ता कळलं तर ती परीक्षा टाकून पळत येईल. मी ओळखते ना तिला. परीक्षा संपली की मी स्वतः जाणार, जवळ घेऊन सांगणार. तोपर्यंत तिला काही वेगळं दिसता कामा नये."

टोपवालीने तो विग जीव ओतून केला. कानशिलाची जागा तिने बाईंच्या जुन्या फोटोवरून तीनतीनदा पडताळली. पांढरा केस काळ्यापेक्षा जाड असतो, निसटतो. त्या इवल्याशा बटेने तिला रडवलं. बाई न्यायला आल्या, पडदा सरकला, आणि आरशात पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "मी आहे की ही."

"बाई, याचा एक फोटो घेऊ का?" टोपवालीने विचारलं.

"घ्या की. पण त्यात मी नको."

"छे! तुम्ही कशा असाल?" असं म्हणून तिने विग पुन्हा लाकडी डोक्यावर चढवला, खिडकी लावली आणि फोटो काढला. बाईंना वाटलं, कारागीर आहे, आठवणीसाठी ठेवील. तो फोटो कुठे जाणार हे त्यांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. खरं बोलायचं तर तिला सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. कापलेले केस तिच्या लेखी माल होते. वडिलांच्या वेळेपासून घरात केस पोत्याने यायचे, धुतले जायचे, विंचरले जायचे. ते कधीकाळी कुणाच्या डोक्यावर होते हा विचार करत बसलं तर सुई चालायचीच नाही. आणि चेहऱ्याविना माणूस ओळखू येतो तो केसांवरून, या एका गोष्टीवर जिच्या दोन पिढ्या जेवल्या, तिलाच नेमका त्याचा विसर पडला.

फोटो तुफान चालला. ज्यांना विगाशी देणंघेणं नव्हतं त्यांनीही तो एकमेकांना धाडला. टोपवाली हरखून गेली. कौतुकाच्या गर्दीत कुणीतरी विचारलं होतं. नावाच्या जागी नुसतं पाखराचं चित्र. "ही बट खरी आहे का रंगवलेली?"

रंगवलेली म्हटल्यावर टोपवालीचं डोकंच फिरलं. तिने ताबडतोब उत्तर लिहिलं. "रंगवलेली नाही. त्या बाईंची स्वतःची आहे, जन्मापासूनची. उपचारांआधी केस कापून आणून दिले त्यांनी. एकेक केस हाताने बांधलाय."

"कसले उपचार?"

इथे तिची बोटं थांबली. अगदीच थांबली नाहीत असं नाही. वडिलांची शिकवण कुठेतरी आत कुरकुरली. मग तिने लिहिलं, "ते सांगता येणार नाही. गिऱ्हाइकांचं आम्ही बाहेर बोलत नाही. पण केस कुठल्या औषधांनी जातात ते तुम्हाला कळलंच असेल. त्यांच्यासाठी प्रार्थना करा." आपण किती तोलूनमापून लिहिलं याचं तिला समाधानही वाटलं. पाखराकडून पुन्हा काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो बाईंचा. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"ताई, पोरगी दारात उभी आहे माझ्या. रात्रभर प्रवास करून आली. तुमचं लिहिलेलं दाखवतेय मला."

टोपवालीच्या तोंडातून "बाई, मी तुमचं नाव..." एवढंच निघालं आणि फोन बंद झाला.

तिने फोटो काढून टाकला. भावाने तिच्या देखत शोधलं तर तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या खात्यावर 'तुम्हाला असे केस आवडतील का?' असं लिहून झळकत होता. तिसऱ्याने त्यावर विनोद केला होता. तिने त्यांना हात जोडून लिहिलं. एकाने काढला, बाकीच्यांनी अजिबात दाद दिली नाही. भाऊ तिची समजूत घालत राहिला. "तू नाव कुठे घेतलंस? चेहरा कुठे दाखवलास? त्या पोरीनेच ओळखलं, त्याला तू काय करणार?" हे ऐकायला तिला फार बरं वाटत होतं, म्हणूनच तिला स्वतःचीच शिसारी आली.

मग ती खात्यावरचे जुने फोटो एकेक करून पाहायला बसली. इतके दिवस तिला त्यांत स्वतःचा हात दिसायचा, आता एकेक बाई दिसायला लागली. हे कुरळे केस शाळेतल्या बाईंचे, वर्गातली पोरं डोळे मिटून ओळखतील. ही लाल झाक सोनाराच्या सुनेची. एका फोटोत तर पडदा अर्धवट सरकलेला, आणि आरशाच्या कडेला कुणाचा तरी खांदा आणि गळ्यावरचा तीळ. कुणी तक्रार केली नव्हती. कदाचित कुणी पाहिलं नव्हतं, कदाचित पाहून गप्प बसल्या असतील. तिने सगळं पुसून टाकलं. लोकांची 'वा वा'ही त्याबरोबर गेली, आणि एवढं सगळं झाल्यावरसुद्धा त्याचं तिला वाईट वाटलं.

बाई आल्या त्या पुढच्या दाराने, सलूनमधून, खुर्च्यांवरच्या गिऱ्हाइकांच्या देखत. डोक्याला साधा रुमाल. हातात विगाचा डबा.

टोपवालीने दार लोटायला हात पुढे केला. "असू दे उघडं," बाई म्हणाल्या. "आता काय झाकायचंय?"

डबा त्यांनी स्टुलावर ठेवला. "हा परत घ्या."

"बाई, तो तुमचाच आहे. तुमचेच केस आहेत."

"घालू कुणासाठी? जिला दिसू नये म्हणून केला, तिनेच माझं डोकं पाहिलं. परीक्षा दिली नाही तिने. पुढच्या वर्षी देईन म्हणते. वर्ष गेलं त्याचं नाही हो एवढं. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. म्हणते, आई, परक्या बाईला सगळं सांगितलंस आणि मला नाही. मला तिला जवळ घेऊन सांगायचं होतं. तिला ते फोनवर वाचावं लागलं, लोक खाली टाळ्या वाजवत असताना."

टोपवाली रडायला लागली. "चुकलं माझं बाई. मी वाईट काही लिहिलं नव्हतं..."

"वाईट कुठे लिहिलंत? कौतुकच केलंत." बाईंनी डब्यावरून हात फिरवला. "मला एवढंच कळत नाही ताई, ते केस तुम्हाला तुमचे कधीपासून वाटायला लागले?"

बाई आल्या तशा पुढच्या दाराने गेल्या. सलूनमध्ये कात्री थांबली होती ती बऱ्याच वेळाने सुरू झाली. त्या दिवसापासून भावाने टोपीचा विनोद केलेला नाही.

काही दिवसांनी टोपवाली भाजी घ्यायला बाजारात गेली होती. समोरून मायलेकी येत होत्या. बाई वाळल्या होत्या, सावकाश चालत होत्या. मुलीने आईच्या खांद्याभोवती हात टाकला होता, आणि रुमालाचं टोक जिथे डाव्या कानशिलावर येतं तिथे तिची बोटं आपसूक काहीतरी चाचपत होती. गुंडाळायला काही नव्हतं, तरी बोटं थांबत नव्हती.

धावत जावं, त्या पोरीचे पाय धरावेत, 'मीच ती' म्हणून सांगावं असं टोपवालीला वाटलं. पण ओळख पहिली त्यांनी दाखवायची होती. ती मान खाली घालून तशीच उभी राहिली आणि वाट पाहत राहिली. आजवर या बाई हमखास हसायच्या.

पावलं तिच्यापाशी येऊन क्षणभर रेंगाळली. हिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून मुलीने आईला हळूच विचारलं, "कोण गं त्या? तुझ्या ओळखीच्या आहेत?"

मुलीने तिला कुठून ओळखावं? खात्यावर तिचा चेहरा कधी नव्हताच.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "चल, ऊन लागतंय."