सर्व्हर रिकामा करणारे काका

म्हापशातल्या एका खासगी इस्पितळाचा सर्व्हर मी बघते. मी रुजू झाले तेव्हा तो इतका रखडत होता, की रक्ताचा रिपोर्ट मिळेपर्यंत लोकांची अख्खी सकाळ ताटकळण्यात जायची. डायलिसिसवरच्या माणसांचीसुद्धा. पहिल्याच दिवशी व्यवस्थापकांनी मला बजावलं, ‘‘यंत्राचा दोष असेल तर यंत्र बदलू, माणसाचा असेल तर माणूस.’’

माणूस म्हणजे माझ्या आधीपासून तो सर्व्हर सांभाळणारे काका. डिचोलीचे. पूर्वी खाणीवर ट्रकांच्या वजनकाट्याचा संगणक त्यांच्याकडे असे; खाणी बंद पडल्या आणि ते इथे आले. घरात मिळवते ते एकटेच. मी पेडण्याहून बसने धक्के खात पोचायचे, तर माझ्यासाठी उंडो, म्हणजे आमचा गोल पाव, आणि भाजी राखून ठेवायचे.

मी सेटिंग्ज तपासायला बसले. दोष लगेच सापडला, आणि मला रडूच आलं. दर थोड्या वेळाने मेमरी रिकामी करणारी एक आज्ञा तिथे हाताने घालून ठेवलेली होती; म्हणजे दोष माणसाचा. वास्तविक सर्व्हर डिस्कवरून वाचलेलं मोकळ्या मेमरीत धरून ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितलं की चटकन देता येतं. मेमरी भरलेली दिसते, पण ते काही ओझं नसतं. इथे मात्र प्रत्येक रिपोर्टासाठी तो बिचारा नव्याने डिस्क धुंडाळत होता.

मी काकांना विचारलं.

‘‘भरलेली गाडी उभी ठेवू नये, बाय. स्प्रिंगा बसतत,’’ ते म्हणाले. खाणीवरची रीत! मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

ती आज्ञा मी काढून टाकली. मेमरीतलं उगाच डिस्कवर ढकलायची सर्व्हरची खोडही कमी केली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट झरझर निघू लागले. व्यवस्थापकांनी कारण विचारलं, तर मी सरळ थाप मारली, की सेटिंग मुळातच चुकीची आली होती. काका मागेच उभे होते.

‘‘ता मी घातलंय, सायब. ती माणसां माझ्यामुळां ताटकळली.’’

मला त्यांचा भयंकर राग आला. कुणी विचारलं होतं त्यांना?

महिनाअखेर त्यांना काढलं. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, ‘‘आता कोण थांबणा नाय मा, बाय?’’

‘‘नाही, काका.’’

‘‘बरां झालां,’’ ते म्हणाले, आणि खरंच सुटल्यासारखे हसले. मला त्यांच्याकडे बघवेना.