आठातले सव्वातीन

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं. चौथीपर्यंतच शिकले. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी चुकून कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्या.

मुदखेडला आमच्या पुढच्या खोलीत माझी लेक लग्नपत्रिका आणि बॅनर करते. कॉम्प्युटर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. मोठं बॅनर उघडलं की तो अडकून बसायचा. गिऱ्हाईक कंटाळून उठून जायचं. लग्नसराई तोंडावर आलेली.

लेक म्हणाली, "माय, याची मेमरी कमी पडून राहिली. चार जीबी हाय, आणखी चारची पट्टी टाकू."

मी बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढलं. गटातल्या बाया म्हणाल्या, "बिस्किटाएवढी पट्टी अन् एवढे पैसे? सोन्याची हाय का गं?"

लेकीनं नांदेडहून पट्टी आणून बसवली. स्क्रीनवर आठ दिसले, पण त्याच ओळीत पुढं लिहिलेलं, वापरायला सव्वातीन.

"आधी किती होते?"

"तेवढेच," ती म्हणाली.

मला काही कळेना. आठ आहेत म्हणतो आणि वापरतो सव्वातीन. मोंढ्यात धान्याचं पोतं हलकं लागलं की माणसं पुन्हा काटा करायला लावतात. मलाही वाटलं, दुकानदारानं माप मारलं. लेकीला काम सोडून उठता येईना, म्हणून पट्टी रुमालात बांधून मीच नांदेडला गेले.

दुकानात सगळे पुरुष. मी काउंटरच्या कडेला उभी राहिले. बऱ्याच वेळानं दुकानदारानं विचारलं, "मावशी, काय पाहिजे?"

"माप कमी भरलं," एवढंच तोंडातून निघालं.

सगळे हसले. "मावशी, ही काय तूर हाय का?" पण माणूस भला होता. त्यानं पट्टी आपल्या मशीनमध्ये घालून दाखवली. पुरे चार. मग माझ्याच मोबाइलवरून लेकीला दोन गोष्टी विचारल्या आणि मला म्हणाला, "पट्टी चांगली हाय. तुमच्या कॉम्प्युटरचा बोर्डही आठ घेतो. पण आतलं विंडोज जुनं, बत्तीस बिटचं. मेमरी म्हणजे घरं धरा; त्याला चार जीबीपर्यंतच घरनंबर देता येतात. त्यातले काही नंबर स्क्रीन-बिनच खातात. उरले सव्वातीन."

"मग बाकीची घरं?"

"हायेत की. पण नंबर न्हाई, म्हणून रिकामी. चौसष्ट बिटचं विंडोज टाका, सगळी भरतील."

मी मान हलवली. आमच्या गल्लीत कुणाच्याच घरावर नंबर नाही, तरी माणसं राहतात आणि पोस्टमनही येतो. कॉम्प्युटरला ते का जमू नये, हे मला अजून उमगलेलं नाही.

घरी येऊन सांगितलं तर लेकीनं नवीनच अडचण सांगितली. तिचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं. ते नव्या विंडोजवर चालणार नव्हतं. साठवलेल्या सगळ्या पत्रिकांतल्या अक्षरांची खिचडी दिसली असती.

"म्हणजे मेमरी पाहिजे का मराठी, असंच झालं की," ती म्हणाली.

"पट्टी परत घेतील का, विचारू?" मी म्हणाले.

"नको. बॅनर अडकले तर हप्ता कशातून द्यायचा? मी सगळं नव्यानं टाईप करते."

लेकीनं पट्टी पुन्हा बसवून नवं विंडोज टाकलं. आठच्या आठ वापरायला मिळाले म्हणे. पण टायपिंगची नवी पद्धत तिच्या बोटांना सापडेना. मग मी शेजारी बसून जुन्या छापील पत्रिका मोठ्यानं वाचायची. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथपर्यंत सरळ जायचं, पुढं अवघड जोडाक्षर आलं की मी अडायची. "माय, आता तू अडकून राहिलीस की," म्हणून ती हसायची.

बॅनर मात्र झटकन उघडायला लागले. गिऱ्हाईक थांबायला लागलं. आठातलं किती कुठं वापरलं जातं, हे मी पुन्हा विचारलं नाही. उन्हाळा सरताना गटाच्या बैठकीत मी शेवटचा हप्ता दिला. व्याजासकट सगळे पैसे फिटले.