भिंगावरची हळद

"मॅडम, चिकटलं! सगळ्यांना चिकटलं!" शेठ कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो काढत ओरडले. स्क्रीन हिरवीगार होती.

आमची लॅब भोसरीत, शेठच्या प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायच्या कारखान्याच्या, वरच्या मजल्यावर. जन्मभर गाड्यांचे ब्रॅकेट केलेल्या या माणसाने कॅन्सरच्या औषधात उडी घेतली होती. मी त्यांच्याकडे क्वालिटी बघते, म्हणजे रिपोर्टवर सही माझी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या डॉक्टर बाई येणार होत्या. त्यांना पटलं तर पुढे उंदरांवर चाचणी, नाही तर लॅबला कुलूप.

काम असं आहे. कॅन्सरचं औषध सगळ्या शरीराला लागतं, म्हणून केस गळतात, तोंड येतं. ते अतिसूक्ष्म कणांत भरायचं आणि कणांवर फॉलिक ॲसिड लावायचं. काही कॅन्सरच्या पेशींवर फॉलिक ॲसिड धरून ठेवणारी प्रथिनं भरमसाट असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ती कणाला पकडतात, पेशी त्याला आत ओढते, औषध आत सुटतं. निरोगी पेशीवर रिसेप्टर कमी, त्यामुळे कण तिथे फारसे थांबत नाहीत. कण दिसावेत म्हणून त्यांत एक रंग घालतो. निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकतो.

म्हणजे कॅन्सरच्या पेशींची स्लाइड हिरवी हवी, निरोगी पेशींची काळी. आमच्या दोन्ही हिरव्या.

"शेठ, निरोगी पेशीपण चमकतायत."

"मग चांगलंच की! एक पण सुटली नाही."

"असं असेल तर ते औषध नाही, विष आहे."

"मॅडम, तुम्हाला चांगलं बघवतच नाही. लॅबमध्ये पैसे घातलेल्या पार्टनरला फोटो गेलाय. तुम्ही सही करा."

मी मायक्रोस्कोपखाली पेशी नसलेली कोरी स्लाइड ठेवली. हिरवी. मग स्लाइडच काढून टाकली. तरी हिरवं.

"शेठ, हवेलापण कॅन्सर झालाय."

वाकून मायक्रोस्कोपचं भिंग बघितलं. बरोब्बर काचेवर पिवळं बोट.

"इथे हळद कोणी लावली?"

"मीच. काल दसरा नव्हता का? खालच्या सगळ्या मशिनींना लावली, मग याला कशी नाही लावायची?" शेठ दुखावले. "जिथून काम होतं तिथंच लावतो आपण."

प्रेसला हळदीने काही होत नाही. पण निळ्या प्रकाशात हळद स्वतःच हिरवी चमकते.

भिंग साफ केलं, त्याच स्लाइड पुन्हा ठेवल्या. कॅन्सरच्या पेशींना मंद हिरवी कड, निरोगी जवळजवळ काळ्या. मी सही केली. शेठचा चेहरा पडला.

"मघाचं जास्त भारी दिसत होतं, मॅडम."

डॉक्टर बाई आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "कोरी स्लाइड दाखवा."

"ती तर आम्ही सगळ्यात आधी बघतो!" शेठ बोलून मोकळे.

उंदरांची चाचणी मंजूर झाली. तेव्हापासून मी मनासारखं दिसलं की आधी स्लाइड काढून बघते. तो हिरवागार फोटो शेठनी फ्रेम करून केबिनमध्ये लावलाय. दसऱ्याला त्यालाही हळद लागते.